पुतळीच्या मापाचे कुर्ते

मित्रांनो, मी एक जुनी पुतळी आहे. चौकातल्या पुतळ्यांशी माझं काही नातं नाही. माझी जयंती नसते, माझ्यासाठी वर्गणी मागायला कुणी येत नाही आणि माझ्यावरून अजून एकदाही गाव बंद पडलेलं नाही. कापडाच्या दुकानात नवे कपडे घालून जी हसत उभी असते, ती मी.

माझा जन्म दिल्लीच्या एका कारखान्यात झाला. एकाच साच्यातून आम्ही शेकडो बहिणी निघालो. सगळ्यांची कंबर सारखीच बारीक, हात सारखेच खाली सोडलेले आणि तोंडावर सारखंच हसू. साचा कुणाच्या मापावरून केला, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा अंदाज असा की ती बाई जेवत नसावी.

१९९९ साली मी रेल्वेने गोंदियाला आले आणि एका मोठ्या दुकानाच्या काचेमागे उभी राहिले. ते माझे वैभवाचे दिवस! दसऱ्याला घागरा, लग्नसराईत शालू. बायका काचेपाशी थांबून म्हणत, "क्या फिटिंग है!" फिटिंग चांगली असणारच. सेठ पाठीमागून मूठभर टाचण्या लावत असे. त्या काचेबाहेरून दिसत नसत.

पुढे खोट्या पापण्यांच्या नव्या पुतळ्या आल्या. त्याच सुमारास माझ्या नाकाचा टवका उडाला आणि माझी बदली गोदामाच्या कोपऱ्यात झाली. तिथे मी काही वर्षं उंदरांना टेकायला उपयोगी पडले. मग एक दिवस धागा न्यायला आलेल्या शांतीबाईंनी मला पाहिलं. सेठ म्हणाला, "ले जाओ बाई, जगह तो खाली होगी."

शांतीबाईंनी मला एसटीत चढवलं. कंडक्टरने विचारलं, "हिचं तिकीट?"

"हे उभीच राहते, भाऊ. सीट नाई मागत."

कंडक्टरला ते पटलं.

कोहमाऱ्याजवळच्या त्यांच्या गावात बायकांचा एक शिवणगट होता. हातमागाचं सुती कापड आणायचं, पळसाच्या फुलांच्या रंगात बुडवायचं, त्याचे कुर्ते शिवायचे आणि नागपूरच्या एका दुकानाला द्यायचे. मजुरी प्रत्येकीची प्रत्येकीला. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत शिवण बंद, कारण तेव्हा सगळ्या धानाच्या बांधीत, शेतात. आणि एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती. विकलेल्या प्रत्येक कुर्त्यामागे थोडे पैसे शिक्षणाच्या डब्यात जायचे. त्या डब्यातून गटातली एकेक बाई पाळीपाळीने शिकणार. नवऱ्याच्या मोटरसायकलचा हप्ता त्यातून भरता येत नसे. दोघांनी विचारून पाहिलं होतं.

पहिली पाळी भूमेश्वरीची लागली. बारावी पास होऊन ती सून म्हणून या गावात आली होती. तिला नर्स व्हायचं होतं. गोंदियाच्या एका नर्सिंग कॉलेजात तिचा नंबरही लागला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर फी भरली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती. डबा अजून अर्धा होता. नागपूरच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरीवर तो भरणार होता.

तिची सासू सुलोचनाबाई याच गटात काज-बटणं करायची. अंगाने भरभक्कम, बोलायला त्याहून भरभक्कम. ती म्हणायची, "बहू नर्स बनते म्हन्ते! गायीले गोचीड काढते तं डोळे मिटून घेते. माणसाले सुई कशी टोचन व हे?"

भूमेश्वरी सासूला मामी म्हणे. ती म्हणायची, "पहिले तुमालेच टोचून पाहीन, मामी."

मी आल्यावर गटाला फार आनंद झाला. आता मापाची कटकट नको! बायकांनी प्रत्येक कुर्ता माझ्या अंगावर बसवून शिवला. एकही सुरकुती नाही. शांतीबाई लांबून डोळे बारीक करून बघायच्या आणि म्हणायच्या, "हे पाहा, शहरातली फिटिंग!" सगळा गठ्ठा नागपूरला गेला.

दिवाळी तोंडावर आली आणि सगळा गठ्ठा परत आला.

नागपूरहून फोनवर दुकानदारीणबाई सांगत होत्या, "शांतीताई, कापड फार सुंदर आहे हो. पण कुर्ता गिऱ्हाइकाच्या पोटावर अडकतो. आणि हात वर केला की बगलेत टर्रकन उसवतो."

बायकांनी एकेक कुर्ता घालून पाहिला. एकीचा खांद्यात अडकला, दुसरीचा पोटावर. भूमेश्वरीने खुंटीवरची कैची काढायला हात वर केला आणि बगल फाटली. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी हसतच होते. त्या वेळी ते बरं दिसत नव्हतं, पण माझा इलाज नव्हता. मी जन्मात कधी हात वर केला नव्हता, कधी वाकले नव्हते, कधी पोटभर जेवले नव्हते. माझ्या मापाची बाई त्या गावात काय, अख्ख्या जिल्ह्यात नव्हती.

सुलोचनाबाईने बटणाचा दोरा दातांनी तोडला. "कुर्ता पुतळीलेच होते, तं पुतळीलेच धाडा कॉलेजात!"

भूमेश्वरी रडेल असं मला वाटलं. ती सासूला म्हणाली, "मामी, जरा उभ्या राहा."

"काऊन व?"

"माप घेऊन राहिली."

मग मला त्या मापाची करायला सगळ्याजणी माझ्यावर तुटून पडल्या. कमरेला जुनी लुगडी गुंडाळली, खांद्यांवर चिंध्या बांधल्या, पुढून तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, भरली. दहा वर्षांत पहिल्यांदा मला पोट आलं! कुर्त्यांच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून मधे जुन्या लुगड्यांचे काठ जोडले. लाल, हिरवे, जांभळे. बगलेत चौकोनी तुकडा बसवला. पळसाच्या पिवळ्या रंगावर तो काठ असा उठून दिसला की शांतीबाई पुन्हा डोळे बारीक करून बघायला विसरल्या.

"आता फाटत नाई," भूमेश्वरी म्हणाली.

"फाटते! दाखवतोच," असं म्हणून सुलोचनाबाईने लुगड्यावरूनच एक कुर्ता चढवला. तिने हात वर केले. वाकून रोवणा करून दाखवला. धानाने भरलेला हारा, ती मोठी टोपली, डोक्यावर घेतला, उतरवला. शेवटी मुसळ उचलून उखळात दणादण घाव घातले. गटाच्या बायकांची नजर बगलेच्या शिवणीवर होती. उखळ हललं, शिवण हलली नाही.

"काढा मग," भूमेश्वरी म्हणाली.

"कायले? राहू दे ना!"

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. घराघरांत पाहुणे, माहेरी आलेल्या लेकी, रस्त्यावर जिलबीची आणि बांगड्यांची दुकानं. गटानेही दुकान मांडलं आणि मला खांबाला टेकवून उभं केलं. पण माझ्याकडे बघतो कोण? सुलोचनाबाई लुगड्यावर पिवळा कुर्ता घालून मंडईभर हिंडत होती. तिचा नवरा छोटेलाल पानठेल्यावर उभा होता. त्याने शेजाऱ्याला विचारलं, "हे कोनाची पाहुनी होय गा?"

"तुयीच बायको होय!"

तिच्यामागून शिक्षिका आल्या, अंगणवाडीच्या ताया आल्या, कॉलेजच्या मुली आल्या, माहेरी आलेल्या लेकी आल्या. प्रत्येकीने कुर्ता घालून आधी दोन्ही हात वर केले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, इथे कसला तरी ठराव पास होतोय! दिवस मावळायच्या आत गठ्ठा संपला. माझ्या अंगावरचाही कुर्ता विकला गेला. मी भर मंडईत तणसाचं पोट घेऊन उभी राहिले आणि मला जराही लाज वाटली नाही. डबा भरला होता.

मंडईतून नागपूरला परत गेलेल्या लेकींच्या अंगावर ते कुर्ते पाहून दुकानदारीणबाईंचा पुन्हा फोन आला. "ताई, तसले काठवाले पाठवा. जितके होतील तितके."

भूमेश्वरी कॉलेजात गेली. तिच्यामागून गटातल्या बाकीच्या एकेक करून शिकू लागल्या. २०१३ साली भूमेश्वरी जवळच्याच दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि पहिली सुई तिने बोलल्याप्रमाणे सासूलाच टोचली. सासूने डोळे मिटून घेतले.

पुढच्या बैठकीत शांतीबाईंनी विचारलं, "आता पाळी कोनाची?"

सुलोचनाबाई काज करता करता मान वर न करता म्हणाली, "मायी. पाचवीत शाळा सुटली. मले दहावी कराची आहे."

कुणी हसलं नाही. भूमेश्वरीने काजाचा कुर्ता सासूच्या हातातून काढून घेतला आणि तिथे पुस्तक ठेवलं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात एखादी टवका उडालेली जुनी वस्तू असेल, तर फेकण्याआधी एकदा विचार करा. आणि शाळा अर्धवट सुटलेली एखादी बाई असेल, तर तिला कोपऱ्यात उभी करू नका. कोपऱ्यात मी उभी राहीन, वर्षानुवर्षं, हसत. माझा तो धंदाच आहे. तिचा नाही.