जिनिंगच्या बाया, जशा होत्या तशा

हिंगणघाटच्या ज्या जिनिंगमध्ये माझी आई भागीरथा बावीस वर्षं कापूस निवडत होती, तिथं १९९४ साली कामगारांची ओळखपत्रं कॉम्प्युटरवर झाली. पुढे आई गेली, जिनिंग बंद पडली, कार्डं हरवली. उरल्या तेवढ्या त्यांवरच्या फोटोंच्या फ्लॉप्या. आईचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. फोटो काढायला तिला फुरसत कधी होती?

२००३ मध्ये तिच्या सोबतीण जिजाबाई यांनी कामगार बायांची स्मरणिका काढायचं ठरवलं आणि फ्लॉप्या आमच्या प्रेसवर आणून दिल्या. मी तिथं ऑपरेटर. त्यांतले जुने बिटमॅप, म्हणजे फोटोंच्या फाइली, नव्या मशीनवर उघडेनात. मग मीच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. फोटोतल्या दर ठिपक्याला एक आकडा: शून्य म्हणजे काळाकुट्ट, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढराफेक, मधले सगळे करडे. अशी फाइल कुठल्याही कॉम्प्युटरवर नेता येते. पहिल्या खेपेला सगळ्या बाया डोक्यावर उभ्या! जुन्या फाइलमध्ये ओळी खालून वर लिहिलेल्या असतात, हे मला कोण सांगणार? ते सुधारलं आणि आई समोर आली. मी रडले. त्यात लाजायचं कशाला?

मालक ओमप्रकाशभाऊ मागून डोकावले. त्यांच्या प्रेसची रीतच अशी की लग्नाच्या बायोडाट्यातली प्रत्येक पोरगी गोरी होऊनच बाहेर पडायची.

"दर आकड्यात पन्नास मिळव. देखण्या दिसतीन."

"नाई मिळवत."

"काऊन?"

"माही आई काळी होती, भाऊ. त्यात तुमचं काय जाऊन राह्यलं?"

"तुही नोकरी जाईन," ते म्हणाले, आणि स्वतःच खुर्चीत बसून त्यांनी आईचा फोटो उजळ करून छापला.

दुपारी जिजाबाई प्रूफ पाहायला आल्या. भाऊंनी मोठ्या ऐटीत तो कागद त्यांच्या हातात दिला.

"हे कोन होय?" त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अठरा वर्षं त्या आईच्या शेजारी बसल्या होत्या.

मी माझी प्रत पुढे केली. बाईंनी ती डोळ्यांजवळ धरली. मग त्या कागदाशीच बोलल्या, "भागीरथे, कुठं होती वं इतके दिवस?"

मी भाऊंकडे वळले. "दोनशेच्या दोनशे बाया अशाच छापा. नाईतर हे फोटो सीडीवर घेऊन मी चालली वर्ध्याच्या प्रेसवर."

जिजाबाई पिशवी सावरत उठल्या. "मीबी चालली तिच्यासंगं."

भाऊंनी माझी प्रत समोर घेऊन मशीनला कागद लावला.