पुडीबाबाचा थर्मामीटर

सभागृह खचाखच भरलं होतं. पुडीबाबांनी माझ्या काकांच्या काखेतला थर्मामीटर काढून पहिल्या रांगेला दाखवला. एकशे तीन. मग राखाडी पुडी पाण्यातून पाजली, तासभर प्रवचन झोडलं आणि पुन्हा थर्मामीटर लावला. नव्याण्णव. लोकांनी हात जोडले. काकूंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"पोटातली नळी देहाला परकी," बाबा म्हणाले. "तिच्यात परका आत्मा शिरलाय. माझी सूक्ष्म कंपनं त्याला हुसकतायत."

कंपनं पुडीत कशी बांधतात, ते मात्र सांगितलं नाही.

काकांच्या पोटातली मोठी धमनी फुगली होती, म्हणून तिथं कृत्रिम नळी बसवलेली. पुढं ताप येऊ-जाऊ लागला. रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायची तपासणी दोनदा कोरी आली, आणि काकूंनी बाबा गाठले.

बाबांनी काकूंना घरी दिलेल्या पुड्यांतल्या एकीची चिमूट मी जिभेवर ठेवली. कडूजहर. उरलेली माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली. राखेत तापाच्या गोळ्यांचं चूर्ण निघालं, आणि स्टेरॉइड.

"म्हणजे औषधच की गं. गुण तर आला," काकू म्हणाल्या.

"ताप दबला, काकू. दुखणं आत तसंच आहे. उलट स्टेरॉइडनं जंतूंशी लढायची ताकद जाते."

"जंतू नाहीतच, म्हणाल्या ना तुझ्या डॉक्टरबाई?"

पण पुडीचा अंमल उतरताच ताप पुन्हा चढला, तेव्हा काकू काकांना घेऊन इस्पितळात आल्या.

डॉक्टरबाईंनी काकांना विचारलं, "काम काय करता?"

"शेळ्या पाळतो."

"त्या वितात तेव्हा?"

"पिल्लू अडलं की हात घालून ओढतो. हातमोजे घातले की निसटतं."

बाईंनी नवी रक्ततपासणी लिहून दिली. "शेळी विताना पडणाऱ्या वारेतून येणारा एक जंतू आहे. तो पेशींच्या आत राहतो, आमच्या बाटलीत वाढत नाही. हे मी आधीच विचारायला हवं होतं."

रक्तातल्या प्रतिपिंडांनी तोच जंतू दाखवला. स्कॅनमध्ये नळीच्या सांध्यापाशी पू दिसला.

"वाचतील ना?" काकूंनी विचारलं.

"नळी बदलावी लागेल. मग दीड-दोन वर्षं गोळ्या. बाबांकडे गेलेला वेळ हाताशी असता, तर जास्त खात्रीनं बोलले असते."

डॉक्टर चुकल्या, पण पुन्हा तपासून सुधारल्या. बाबा कधी चुकत नाहीत, कारण ते तपासतच नाहीत. एक तपासणी कोरी आली, तर दुसरी मागा; पुडी मागू नका.

काकांना शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. काकूंनी पर्समधून शेवटची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

"हीपण तपास," त्या म्हणाल्या.