जमिनीत गेलेलं भूत

आष्टीत शिमग्याला सोंगं निघत. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मारुतीच्या पारापासून सुरुवात व्हायची आणि दिवेलागणीपर्यंत साऱ्या गल्ल्या फिरून व्हायच्या. वाघ, अस्वल, हेडंबा, डाकीण आणि सगळ्यांच्या मागून आग्या वेताळ. वेताळाचं सोंग पुंजारामच्या घरात होतं. आधी त्याचा बाप घ्यायचा, बापाच्या मागं तो घेऊ लागला. अंगातोंडाला तेलात कालवलेली काजळी, डोळ्यांभोवती शेंदूर, कमरेला घुंगरं आणि दोन्ही हातांत पेटते टेंभे. वेताळ पोरांच्या अंगावर धावून जायचा, पोरं किंचाळत पळायची. तेवढं झाल्याशिवाय कुणालाच शिमगा झाल्यासारखा वाटत नसे.

पुंजारामच्या बायकोला, तुळजाबाईला, हे पळणं पसंत नव्हतं. तिची पहिली दोन लेकरं देवीच्या साथीत गेली होती. तिसरा मच्छिंद्र, आठ वर्षांचा. त्याला ती विहिरीकडे एकट्याला जाऊ देत नसे, बैलांच्या मागून चालू देत नसे, झाडावर चढला तर खाली पदर पसरून उभी राहायची.

"लेकराला असं मुठीत धरून ठिवलंस तर त्याचा जीव गुदमरंल," पुंजाराम म्हणायचा.

तिला ते पटायचं. पण मूठ सुटायची नाही.

त्या साली गावातल्या कडूबानं पोरांसाठी मुखवटे केले. कागद भिजवून, कुटून, त्यात डिंक घालून एकाच साच्यावर थापलेले. पांढरं तोंड, लोंबणारी तांबडी जीभ आणि डोळ्यांच्या जागी बोट जाईल एवढी भोकं. मुखवटा बांधायचा, वरून काळं घोंगडं पांघरायचं, की झालं भूत. मच्छिंद्रनं चार दिवस आईचा पिच्छा पुरवला.

"माय, समदे भुतं होऊन राह्यले. मी एकटाच राह्यलो."

शेवटी ती हो म्हणाली, पण अटी घालून. टेंभ्याच्या जवळ जायचं नाही. डोक्याला तागाचे केस लावायचे नाहीत. आणि ती स्वतः बरोबर राहणार. निघताना तिनं त्याच्या घोंगड्याचा काठ सगळीकडून पाण्यात बुडवून पिळला. ठिणगी पडली तरी धरू नये म्हणून. तिला भीती होती ती विस्तवाची.

सोंगं गल्ल्या फिरून परत पाराजवळ आली तेव्हा सूर्य बुडत होता. तुळजाबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती आणि तिची नजर एका भुतावर होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून घुंगरं वाजली आणि वेताळ टेंभे फिरवत धावून आला. भुतांची फळी फुटली. काळी घोंगडी चहूकडे पळाली, एकमेकांवर आदळली, पडली, उठली. तुळजाबाईही धावली. हाताला आलेलं भूत तिनं मनगटाला धरलं.

"चल घरी. बस्स झालं तुझं भूत."

ती त्याला ओढत घरी घेऊन आली. वाटेत ते ना रडलं, ना हात सोडवायला बघितलं. मच्छिंद्रनं एवढं मुकाट येणं शक्य नव्हतं, पण हे तिच्या नंतर ध्यानात आलं. घरात येऊन तिनं दिवा लावला, घोंगडं काढायला काठ धरला आणि तिचा हात थांबला. काठ कोरडा होता.

तिनं मुखवटा ओढला. आत दोन वेण्या होत्या आणि घामानं फिसकटलेलं कुंकू.

ती प्रेमला होती, मदरशातल्या, म्हणजे गावच्या सरकारी शाळेतल्या, भालचंद्र मास्तरांची मुलगी. मास्तर गेल्या दसऱ्याला जालन्याच्या मस्तगडहून बदलून आले होते. बायको तिकडेच वारलेली. बापलेक दोघंच राहत. सोंगात मुली घेत नसत, म्हणून प्रेमलानं चुलतभावासाठी म्हणून कडूबाकडून मुखवटा मागून आणला होता. तिला चुलतभाऊ नव्हता.

"तू? माझा मच्छिंद्र कुठाय?"

"मला नाही माहीत."

"मंग वाटेत बोलली का न्हाईस, की मी तुमची न्हाई म्हून?"

पोरगी खाली बघत म्हणाली, "तुम्ही हात धरला होता."

तुळजाबाईला त्या उत्तराकडे बघायला तेव्हा सवड नव्हती. तिनं पोरीचे खांदे धरले. "आन् बाकीचे पोरं? कोण कुठं पळालं, तू पाह्यलंस?"

"सगळे पारामागं पळाले. एक भूत पांढरीकडं गेलं. मग ते जमिनीत गेलं."

"जमिनीत?"

"हो. होतं, आणि एकदम नव्हतं. मला वाटलं, सोंगात तसंच करत असतील."

तुळजाबाई दिवा तसाच ठेवून बाहेर पळाली.

पांढरी म्हणजे पारामागचा पांढऱ्या मातीचा उंचवटा. तिथं गावाची पेवं होती. जमिनीच्या पोटात खोदलेली, घागरीच्या आकाराची, वरून तोंड अरुंद आणि आत दोन पुरुष खोल. त्यांत वर्षाची ज्वारी भरून तोंड मातीनं बंद करत. रखमाजी पाटलानं आपलं पेव होळीच्या आधीच उघडून रिकामं केलं होतं. नवी ज्वारी भरायच्या आधी आत हवा खेळावी म्हणून तोंड उघडं ठेवून त्यावर बाभळीच्या काट्यांच्या मोठ्या फांद्या टाकल्या होत्या.

तुळजाबाई पोचली तेव्हा फांद्या तिथं नव्हत्या. ती तोंडाशी पालथी पडली आणि आत हाक मारली. खालून आवाज आला, पण तोंडावर हात दाबून बोलावं तसा.

तिच्या ओरडण्यानं माणसं धावली. एक गडी लगेच दोर बांधून उतरायला निघाला. म्हाताऱ्या रखमाजीनं त्याला मागं ओढलं.

"थांब. पेवात इखारी वाफ असती. पोरगं तर हायच, वरून तूबी जाशीन."

त्यानं कंदील दोराला बांधला आणि हळूहळू खाली सोडला. सगळे ज्योतीकडे बघत होते. ती लहान झाली, डुलली, पण विझली नाही. तळाशी घोंगड्याचा काळा ढीग दिसला आणि त्यातून वर बघणारं पांढरं तोंड.

तेवढ्यात पुंजाराम आला. कुणीतरी त्याला पलीकडच्या गल्लीत गाठून सांगितलं होतं. टेंभे टाकून तो तसाच पळत आला आणि पेवाच्या तोंडात डोकं घालून ओरडला, "मच्छिंद्रा!"

खालून जी किंकाळी आली ती ऐकून बायकांनी कानांवर हात ठेवले. कंदिलाच्या उजेडात पोराला वर फक्त काजळीचं तोंड आणि शेंदरी डोळे दिसले होते. ते तोंड आपल्याला हाक मारतंय एवढंच त्याला कळलं. तो सरपटत उजेडाच्या बाहेर, पेवाच्या पोटात सरकला.

"आरं, मी हाय! तुझा बा!"

पुंजारामनं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. तेलातली काजळी फक्त पसरली.

"तुमी बाजूला व्हा," तुळजाबाई म्हणाली.

"मीच उतरतो जल्दी."

"तुमाला बघून त्यो अजून आत जाईन. मी उतरते."

बाईमाणसानं दोरानं पेवात उतरायचं, हे कुणाला रुचलं नाही. एकदोघं तसं बोललेही. तिनं पदर कमरेला खोचला, कासोटा घट्ट केला आणि दोराचं टोक रखमाजीच्या हातात दिलं. त्यानं तिच्या काखेखालून गाठ मारली. दोर पुंजारामनं आणि आणखी दोघांनी धरला.

ती उतरताना सारखी बोलत होती. "मी हाय रे. माय हाय. आले, बघ." खाली पोचल्यावर तिनं आधी त्याचा मुखवटा काढला. नाकातून रक्त आलं होतं, डावा हात कोपराच्या खाली वाकडा झाला होता. तिनं त्याला छातीशी धरलं आणि दोर हलवला. आधी पोरगं वर गेलं. मग ती.

वर आल्यावर मच्छिंद्र बापाजवळ जाईना. पुंजाराम लांब उभा राहिला. घरी जाऊन त्यानं राख आणि शिकेकाईनं तोंड इतकं घासलं की कातडी सोलवटली. मग तो पोराजवळ येऊन बसला.

तोवर भालचंद्र मास्तर कंदील घेऊन मुलीला शोधत दारात आले होते. प्रेमला चुलीपाशी बसून होती. तिनं कुणी न सांगता विस्तव घालून पाणी तापत ठेवलं होतं. मास्तरांचा चेहरा रागानं आणि भीतीनं पांढरा पडला होता.

"घरी चल. तुला सांगितलं होतं ना—"

"मास्तर," तुळजाबाई म्हणाली, "तिला बोलू नका. तिनं पाह्यलं म्हून माझं लेकरू घावलं. चूक माझी झाली. दुसऱ्याचं लेकरू ओढून आणलं."

मास्तर उंबऱ्यावर बसले आणि हातातला कंदील खाली ठेवायचं विसरून गेले.

परतूरहून हाड बसवणारा आणला. त्यानं हात ओढून बसवला, बांबूच्या कामट्या बांधल्या. हात पुढं बरा झाला, थोडा वाकडा राहिला. कामट्या बांधलेल्या असतानाच एका दुपारी मच्छिंद्र आईला म्हणाला, "माय, काट्या मीच ओढल्त्या."

"कोणत्या काट्या?"

"पेवावरच्या. होळीत टाकायला. म्या आन् पोरांनी. पण पयली फांदी म्या ओढल्ती."

होळीला लाकडं पळवणं सगळ्या गावाची पोरं करत. लोक वर्षातून तेवढा एक दिवस चोरी माफ करत. पुंजाराम ओसरीवर दोर वळत होता, त्यानंही ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुऱ्हाड घेऊन बांधावर गेला, बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि मच्छिंद्रला बरोबर घेऊन रखमाजीच्या पेवावर नेऊन टाकल्या. पोरानं उजव्या हातानं एक फांदी ओढत नेली.

रखमाजी तिथंच उभा होता. त्यानं आधीच दगडाची फरशी आणून तोंडावर बसवली होती.

"काट्या कशाला आता?" तो म्हणाला.

"पोराला वाटलं," पुंजाराम म्हणाला.

"टाक मंग तिथंच."

पुढच्या शिमग्याच्या आधी तुळजाबाई गावातल्या बायकांना घेऊन पांढरीवर फिरली. ज्या पेवाचं तोंड उघडं होतं त्याच्या मालकाच्या घरी जाऊन उभी राहिली आणि झाकल्याशिवाय हलली नाही. पोरांच्या मुखवट्यांबद्दल ती कडूबाकडे गेली. तो म्हणाला, भोकं मोठी केली तर भूत दिसणार नाही, माणूस दिसंल. ती म्हणाली, दिसू द्या. त्यानं कुरकुर करत भोकं मोठी केली. तिच्या बरोबर तेव्हा प्रेमला होती. ती आता रोज दुपारी वेणी घालून घ्यायला यायची, आणि वेणी झाली तरी लगेच घरी जायची नाही.

पुंजाराम त्या वर्षी वेताळ घेणार नव्हता. तसं त्यानं पारावर सांगूनही टाकलं. घरी मात्र काजळीचं भांडं तो नुसताच हातात धरून बसला होता.

"घ्या सोंग," तुळजाबाई म्हणाली. "फकस्त पोरांवर धावू नका. चालत जा."

"चालणाऱ्या वेताळाला कोण भेईल?"

"न्हाई भेले तर न्हाई भेले."

तो हसला. मच्छिंद्र जवळ येऊन बसला आणि बाप तोंडाला काजळी लावत असताना शेवटपर्यंत बघत राहिला.