बोजारा नको म्हणे

पोळ्याच्या संध्याकाळी सोनिकाचा फोन आला आणि कौसल्याबाईंच्या हातातलं पुरणाचं पातेलं पडता पडता राहिलं.

"काकू, उद्या हर्षितचा बैल घेऊन येतो आम्ही तुमच्याकडे. असाल ना घरी?"

असाल ना म्हणे! गुडघा असा झालेला, की बाई भाजीवाल्यापर्यंत जात नाही, ती तान्ह्या पोळ्याला कुठे जाणार होती? पण तीन वर्षांनी आलेल्या फोनवर असं बोलायचं नसतं, म्हणून कौसल्याबाई नुसतं "हाव, हाव, या" म्हणाल्या.

नागपूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा असतो. चाकं लावलेला लाकडाचा बैल सजवायचा आणि दोरीनं ओढत घरोघर न्यायचा. घरच्या बाईनं बैलाच्या पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवायचा. खाऊ, वही, पेन्सिल, चार नाणी, ज्याच्या घरी जे असेल ते. बोजाऱ्याशिवाय बैल दारातून जात नाही. म्हणजे बाया जाऊच देत नाहीत.

आणि हा हर्षित काही कुणा ऐऱ्यागैऱ्याचा पोरगा नव्हता. सोनिका आणि तिचा नवरा नंदनवनात कौसल्याबाईंच्या वरच्या खोल्यांत भाड्यानं राहायचे. सोनिकाची नोकरी रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये, नवरा फिरतीवर. सहा महिन्यांचं पोर सकाळी आठला खाली यायचं ते संध्याकाळी सातला वर जायचं. असं अडीच वर्षं. कौसल्याबाईंना स्वतःचं मूल झालं नाही. कुणी विचारलं तर त्या सरळ सांगत, "झालं नाही बाप्पा, काय करता." पण या पोट्ट्यानं त्यांच्या मांडीवर दात काढले, त्यांच्या ओट्यावर पहिलं पाऊल टाकलं, आणि गोवरात अकरा दिवस तो त्यांच्याशिवाय कुणाच्या हातचं पाणी प्यायला नाही. मग सोनिकानं आणि नवऱ्यानं हुडकेश्वरला स्वतःचा फ्लॅट घेतला. चांगलंच झालं. हुडकेश्वर काही विलायतेत नाही, येऊ-जाऊ, असं दोन्हीकडून ठरलं. पहिल्या दिवाळीला आले. मग फोन. मग फोनवर सकाळी सकाळी फुलांची चित्रं. मग तीही बंद.

कौसल्याबाईंनी रात्रीतून करंज्या तळल्या. अंगण दोनदा झाडलं. बैलासाठी पाट, पोरासाठी पाट. वामनराव खुर्चीत बसून बायकोची धावपळ पाहत होते.

"काहून एवढं करून राहिली वं? कलेक्टर येऊन राहिला का?"

"तुमी चूप बसा गा."

"नाही, म्हटलं आठ वर्षांचा झाला तो आता. त्याले काय आठवते?"

या माणसाला कधी काय बोलावं कळत असतं तर अजून काय हवं होतं! कौसल्याबाईंनी करंज्यांच्या डब्याला झाकण लावलं. तेच तर त्या रात्रभर स्वतःला विचारत होत्या. पोरगं ओळखेल का? ओळखून घरात शिरेल, की पाहुण्यासारखं दारात उभं राहील? त्यांना दुसरं काही नको होतं. एकदा घरच्यासारखा वागला की झालं.

अकराला गाडी थांबली. हर्षित उतरला. केवढा उंच झाला होता! झब्बा, डोक्याला फेटा, मागे बेगड लावलेला बैल. कौसल्याबाईंचे हात पुढे झाले, पण पोरगा जागच्या जागी उभा राहिला आणि त्यानं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. त्यानं खिशातून कागद काढला.

"प्रिय कौसल्या आजी," तो शाळेतल्यासारखं वाचू लागला, "मी लहान असताना माझी काळजी घेतल्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. धन्यवाद."

"आम्ही यंदा प्रत्येक सणाला एक अॅक्टिव्हिटी करतोय, काकू," सोनिका कौतुकानं म्हणाली. "मुलांना सगळं आयतं मिळतं, कुणाची जाणीवच राहत नाही. राखीला वॉचमनकाकांना मिठाई दिली. आज पाच घरं ठरवलीत. तुमचं दुसरं."

वाईट काय होतं त्यात? काहीच नाही. पोर गोड वाचत होतं, आई चांगलं शिकवत होती. तरी कौसल्याबाईंना रडू यायला लागलं. वॉचमनला मिठाई, आपल्याला कागद. त्यांनी बैलाच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, ओवाळलं आणि करंज्यांची थाळी पुढे केली.

हर्षितनं हात मागे घेतले. "नो थँक्यू, आजी."

"यंदा बोजारा घ्यायचा नाही असं ठरलंय," सोनिका हसून म्हणाली. "फक्त द्यायचं. तुम्ही आमच्यासाठी इतकं केलंत, अजून किती घ्यायचं तुमच्याकडून?"

आता मात्र कौसल्याबाईंचा ताबा सुटला.

"घ्यायचं नाही? माह्या दारातून बैल रिकामा नेतं का वं तू? मी काय मेली का? अडीच वर्षं हा माह्या हातचं खात होता, तवा नाही कोणी नको म्हटलं. तुमचे आभार तुमच्यापाशी ठेवा. मले देऊ दे. मले कोणीच नाही वं द्यायले दुसरं."

वामनरावांनी पेपर तोंडापुढे धरला. सोनिकाचा चेहरा उतरला. तिच्या मनात तसं काही नव्हतं बिचारीच्या. "घे हर्षित," ती हळूच म्हणाली.

हर्षितनं एक करंजी उचलली. आधी भीत भीत चावा घेतला. मग मोठा घेतला. सारण झब्ब्यावर सांडलं, तेही बोटानं उचलून खाल्लं. दुसरी घेतली. तिसरी घेतली. आठवलं त्याला काहीच नव्हतं, ते कौसल्याबाईंना त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. करंजी चांगली होती, इतकंच. त्यानं थाळी संपवली आणि पाटावर मांडी ठोकून बसला.

"अजून दे ना, आजी."

"हर्षित!" सोनिका ओरडली. "असं मागतात का कुणाकडे?"

"मागू दे वं त्याले!" कौसल्याबाई पदरानं डोळे पुसत उठल्या. "आणतो बाप्पा, आणतो."

गुडघा विसरून त्या स्वयंपाकघरात गेल्या. डबा ओट्यावरच होता, गच्च भरलेला. त्यांनी झाकण काढलं, थाळीत सहा करंज्या ठेवल्या, आणि थांबल्या. थाळी बाहेर गेली की पोरगं खाईल, आई घड्याळ पाहील, अजून तीन घरं राहिलीत म्हणेल. मग हुडकेश्वर. पुढच्या वर्षी दुसरी काही अॅक्टिव्हिटी असेल, तिच्यात आपलं घर असेल की नसेल, कोणी सांगावं? बाहेर पोरगं वामनरावांना बैलाची चाकं कशी फिरतात ते दाखवत होतं. काहीतरी बोलून दोघं हसले.

कौसल्याबाईंनी करंज्या एकेक करून परत डब्यात घातल्या आणि झाकण लावलं.

"काकू, राहू द्या," सोनिकाची हाक आली. "उशीर होतोय."

"थांब वं पोरी दोन मिनिटं," डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून कौसल्याबाई ओरडल्या, "डबाच सापडून नाही राहिला."