बाहेर पडल्याची वेळ

आईला पासष्टावं लागलं तेव्हा मी विचारलं, काय हवं? मनात मी मिक्सर धरला होता, कारण तो अधूनमधून मलाही उचलून नेता आला असता. आई म्हणाली, "त्या सरकारी उद्यानातल्या टेकडीवर जायचंय. वरून तलाव दिसतो म्हणे."

"गुडघे बघ आधी," बाबा पेपराआडून म्हणाले.

"गुडघे माझे आहेत. मी बघीन."

आमचे बाबा पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. पस्तीस वर्षांत एकही लेटमार्क नाही. ही गोष्ट आम्हाला जेवणातल्या मिठासारखी रोज मिळायची. माझा नवरा मला बघायला आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा ग्लास द्यायच्या आधी लेटमार्क दिला गेला. रोज संध्याकाळी बाबा सातला, दमूनभागून घरी. आई कधी म्हणाली, जरा पाय मोकळे करून येऊ, की उत्तर तयार असायचं, "अगं, ऑफिस सुटता सुटत नाही." रविवारी ते आठवड्याची झोप काढायचे. असा तो तलाव राहूनच गेला.

नवऱ्याने ऐन वेळी कंबर धरली, म्हणून निघालो चौघं. आई, बाबा, मी आणि माझी नऊ वर्षांची टिकली. मी शाळेची बस चालवते. डोकी मोजल्याशिवाय माझा हात गिअरवर पडत नाही, त्यामुळे मोहीमप्रमुख मीच.

उद्यानाच्या फाटकावर एक राखणदारीण होती, खाकी शर्ट, शेजारी थर्मास. तिने रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, माणसं किती, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, सही. "वर फोन लागत नाही," ती म्हणाली. "सहाला फाटक बंद. ज्यांची बाहेर पडल्याची वेळ भरलेली नसेल, त्यांना शोधायला मी जीप घेऊन निघते. तेव्हा परतताना वेळ टाकल्याशिवाय जाऊ नका."

रजिस्टर बघताच बाबांचा चेहरा उजळला. स्वतःचं पेन काढलं, बाह्या वर सारल्या. मी तेवढ्यात टिकलीला स्वच्छतागृहात नेऊन आणलं.

चढ चांगलाच होता. बाबा दर वळणावर थांबून निसर्ग बघायचे, म्हणजे धापा टाकायचे. आई मात्र टिकलीचं बोट धरून पुढे. वर पोचलो आणि खरंच तलाव होता, निळा, मोठा, कुणाचीही पर्वा नसलेला. आई एका दगडावर बसली आणि अर्धा तास कुणाशी बोलली नाही. तिच्या तोंडाला इतका वेळ कुलूप मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

उतरताना घात झाला. कोरड्या ओढ्यात गोटा सरकला आणि आईचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म सुजला. पाय टेकवेना. साडेचार वाजले होते.

"घाबरायचं कारण नाही," मी बसमधल्या आवाजात सांगितलं. "इथेच बसायचं. सहा वाजले की ती बाई रजिस्टर बघेल आणि जीप घेऊन येईल."

टिकलीने बिस्किटं वाटली. बाबांनी घेतलं नाही. बाबा बिस्किटाला नाही म्हणतात म्हणजे एकतर ताप आहे नाहीतर पाप. पाच वाजले. त्यांनी कपाळ पुसलं.

"मी जरा खाली जाऊन येतो."

"कशाला? येतील की."

"नाही येणार."

"का?"

बाबा बुटांकडे बघत म्हणाले, "मी बाहेर पडल्याची वेळ टाकली आहे. सव्वापाच. सही पण केली."

"कधी?"

"आत येतानाच. परतताना गर्दी असते ना. मस्टरवर आम्ही असंच करायचो. सकाळी येतानाची सही केली की जातानाचीही करून टाकायची. सगळेच करायचे."

म्हणजे कागदोपत्री आम्ही आता दहा-पंधरा मिनिटांत सुखरूप घरी निघणार होतो. मी तोंड उघडलं, आणि बसमध्ये पोरांसमोर जे बोलता येत नाही ते सगळं बाहेर पडणार होतं, पण आईने हात वर केला.

"अहो, मग ऑफिसातून निघायचात किती वाजता?"

बाबांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"चार. कधी साडेचार."

"घरी यायचात सातला."

"ऑफिसमागे एक बाग होती. बाकावर बसायचो. शेंगदाणे खायचो."

"कुणाबरोबर?"

"एकटाच गं. टिकलीची शपथ."

"माझी कशाला?" टिकली म्हणाली.

आईने सुजलेल्या पायावरची माती झटकली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दमून येता म्हणून मी रोज सातला तुमच्यापुढे चहा धरायचे," ती म्हणाली. "मलाही बसता आलं असतं की हो त्या बाकावर."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी उठले. "मी जाते खाली."

"तू बस," आई म्हणाली. "ज्यांनी सही केलीय ते जातील."

आणि बाबा गेले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दोन्ही नावापुरते, पण एकाही वळणावर निसर्ग बघायला थांबला नाही.

सव्वासहाला जीप आली. राखणदारणीने घोट्याला पट्टी बांधली. "कुलूप लावतच होते," ती म्हणाली. "तेवढ्यात आजोबा आले, बोलताच येईना. नुसतं रजिस्टर ओढलं, ती सव्वापाचची वेळ खोडली आणि खाली लिहिलं, 'खोटी नोंद, मीच केली.' मग ढसाढसा रडले." बाबा पुढच्या सीटवर काचेबाहेर बघत होते. त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा पहिली खरी नोंद.

पावणेसातला फाटकापाशी उतरलो. बाबांनी रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं. फाटकाच्या आत एक लाकडी बाक होता. आई माझ्या खांद्यावर भार टाकून लंगडत तिथवर गेली, बसली, आणि सरकून शेजारी जागा केली.

"पेन इकडे आणा," ती म्हणाली.

बाबांनी आणून दिलं. आईने टोपण लावलं आणि पेन स्वतःच्या पिशवीत टाकलं.

राखणदारीण किल्ली वाजवत म्हणाली, "काकू, वेळ टाकल्याशिवाय मला फाटक बंद करता येत नाही हो."

"टाकतील," आई म्हणाली. "सातला सुटतं त्यांचं ऑफिस. बसा हो तुम्ही."

बाबा बसले.