तीस जागा

अण्णाने त्याच्या मुलीसाठी, अमूल्यासाठी शाळा बघायला घेतली तेव्हा मुलं घरी कोणकोणत्या भाषा बोलतात ते मोजायला मला पाठवलं. तीन सकाळी मी मंडी मोहल्ल्यातल्या त्या अनुदानित शाळेच्या फाटकाशी उभी होते. कन्नड, उर्दू, तमिळ, आमच्यासारखं मराठी, शिवाय बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतून आलेले दोन भाऊ. आमच्या विजयनगर वसाहतीतल्या खासगी शाळेत बहुतेक मुलांचे आईबाप दोन-तीन कंपन्यांतच कामाला. वहिनीला ते नको होतं.

ही शाळा सांगितली शांताक्कांनी. त्या आमचे ब्लाउज शिवतात. त्यांची थोरली नात तिथे शिकते. धाकटी सहना यंदा पहिलीत जाणार होती. दोघी मिळून चालत गेल्या, तर त्यांची सून कामाला जाऊ शकणार होती.

प्रवेश दरवर्षी मेच्या पहिल्या सोमवारी, रांगेत. लोकांनी उन्हात का ताटकळावं, असं अण्णाला वाटलं. त्याने शाळेला ऑनलाइन अर्ज बनवून दिला, तीन भाषांत. मी तपासला, कुठे चूक नव्हती. लेआउटच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, ग्रुपवर त्याने लिंक टाकली. शाळेने सूचना फाटकावर लावली, तीही सुट्टीत. शाळेची माहिती शांताक्कांकडूनच आलेली, त्यामुळे त्यांना हे ठाऊक असेलच असं आम्ही धरून चाललो.

अर्ज उघडल्यावर तीस जागा अकरा मिनिटांत भरल्या. अमूल्याचा नंबर सातवा. तेवीस पत्ते विजयनगरचे होते.

मेच्या पहिल्या सोमवारी शांताक्का सहनाचा जन्मदाखला घेऊन रांगेसाठी गेल्या. रांग नव्हती. तिथून त्या आमच्याकडे आल्या.

अमूल्याची जागा सोडू या, असं वहिनी म्हणाली. अण्णाने शाळेला फोन लावला. सोडलेली जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलाला मिळते. यादीत बेचाळीस नावं होती आणि सहनाचं त्यात नव्हतं. वशिला चालू नये म्हणून हा नियम अण्णानेच घालायला लावला होता.

शांताक्कांनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्यासारख्या दिसल्या नाहीत. अण्णालाच त्यांनी विचारलं,

"नवीनप्पा, अमूल्याला आधी विजयनगरात घालणार होता, तिथली जागा रिकामी आहे ना, अल्वा? सहनाला घेतात काय?"

"रिकामी आहे," अण्णा म्हणाला.

तिथली वर्षाची फी शांताक्कांच्या शिलाईतून निघण्यासारखी नव्हती. त्यांनी दाखल्याची घडी घातली आणि दाराशी जाऊन चपला घातल्या.