लाख वातींचं इंजिन

कल्याणला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती, पण पारनाक्यावरच्या चांगल्या घरातल्या माणसानं स्वतः पाना हातात धरून काळं व्हायचं, हे अजून कुणाच्या पचनी पडत नव्हतं. गोपीनाथनं ते केलं. ठाण्याच्या कचेरीतली कारकुनी सोडली, मुंबईच्या कुठल्याशा गिरणीनं मोडीत काढलेलं वाफेचं इंजिन बैलगाडीतून आणलं आणि परसातल्या गोठ्यात मांडून बसला. त्यावर भात भरडायचं घिरट फिरवायचं, असा बेत.

"गाई बाहेर काढल्या आणि राक्षस आत बांधला," त्याची आत्या गंगुबाई येईल त्याला सांगे.

वडील, म्हणजे अण्णा, एकदाच बोलले. "दसऱ्याला फिरलं तर फिरलं. नाहीतर रतनशेठ मोडीच्या भावानं उचलून नेईल. मग तू साहेबाचे पाय धरायचे आणि कचेरीत जायचं."

ते पाय धरणं सुमतीच्या, त्याच्या बायकोच्या, डोळ्यांपुढून हलेना. कचेरीतून यायचा तो नवरा मुकाट जेवून उठे. गोठ्यातून काजळी माखून येणारा "अगं, ऐक तर" म्हणत भात गार होईस्तोवर बोलत राही. तिला हा हवा होता. तो परत जाऊ द्यायचा नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

हातातला पैसा संपला तसा तिनं माहेरचा तांब्याचा हंडा पुढे केला. भिवा लोहारानं तो कापून फुटक्या नळीला ठिगळ लावलं. पट्टा झाला जुन्या मोटेच्या कातड्याचा. आता एकाच जागी घोडं अडलं होतं. दट्ट्याचा दांडा ज्या भोकातून आतबाहेर करी, तिथूनच सगळी वाफ फुसकन निघून जाई. गिरणीत तिथे चरबीत भिजवलेला सुताचा पेड ठासत. पण चरबी कुठल्या जनावराची, कोण सांगणार? ती या घरात येणार नव्हती.

सुमतीचा नेम होता, तुळशीला पाणी घालून वाती वळल्याखेरीज तोंडात पाणी घ्यायचं नाही. लाख वातींचं व्रत. त्रिपुरीला दुर्गाडीच्या देवीपुढे लावायच्या. पेटी भरत आली होती. दसऱ्याच्या सकाळी इंजिनाला झेंडूची माळ घातल्यावर तिनं ती पेटी गोठ्यात आणून ठेवली. शेजारी तुपाची बरणी.

"अहो, यांनी नाही का भागणार?"

"देवीच्या आहेत गं त्या."

"माझ्या हातच्या आहेत."

गंगुबाई दारातच होत्या. "अगं बाई! देवाच्या वाती त्या लोखंडाच्या घशात? कुणाला विचारलंस?"

सुमतीचा आवाज कधी वर गेला नव्हता. आताही गेला नाही. "देवीला सांगितलंय, आत्याबाई. तुम्हाला विचारायचं राहिलं."

तेवढ्यात अण्णा आले, मागे रतनशेठ, हमाल आणि मोठी तागडी. गोपीनाथनं घाईघाईनं तुपात भिजलेल्या फुलवाती भोकात ठासल्या आणि वाफ सोडली. फडफड आवाज झाला, कापूस शेवरीसारखा उडाला आणि अण्णांच्या पागोट्यावर जाऊन बसला.

"झाली आरती!" रतनशेठ हसले. हमालांनी दोर सोडले.

"वाफ बंद करा," सुमती नवऱ्याला म्हणाली.

चूक तिला दिसली होती. फुलवात देवापुढे तेवायची, तिच्यात जोर कुठला? लहानपणी आई वेणी घालायची, डोकं ठणकेल इतकी घट्ट, ती संध्याकाळपर्यंत हलायची नाही. सुमतीनं पेटीतल्या समईच्या लांब वाती जुडीनं घेतल्या, तिपेडी आवळली, तुपात बुडवली.

"सूनबाई, पुरे झाला खेळ," अण्णा म्हणाले.

"एवढी गुंफून होऊ दे, मामंजी."

वेणी तिनं दांड्याभोवती फेर देत बसवली. बोटं पोळली, तशीच बसवली. गोपीनाथनं वरून पान्यानं चाकी आवळली आणि वाफ सोडली.

फुसकारा आला नाही. तुपाचा एक थेंब ओघळला, गोठ्यात निरांजनाचा वास पसरला. चाक कुरकुरलं, अडलं, मग फिरलं. झेंडूची माळ तुटून पाकळ्या भिरभिरल्या. पलीकडे घिरट घरघरू लागलं. अण्णा पागोट्यावरचा कापूस वेचत राहिले.

"आणि देवीच्या वाती कमी पडल्या, त्याचं काय?" गंगुबाईंनी विचारलं.

"त्रिपुरीला अवकाश आहे. वळीन. याच्या झिजतील तेव्हा याच्याही वळीन."

रतनशेठनी हमालांना तागडी उचलायची खूण केली. परपुरुषाशी सुमती आजवर एक शब्द बोलली नव्हती. तिनं पदर सावरला.

"तागडी राहू द्या, शेठ. तांदूळ तोलायला लागेल."